पंख्याखालची खुर्ची

मंगळवार, संध्याकाळ. आदिलाबाद.

वाचनालयातली पंख्याखालची खुर्ची आज मला मिळाली. इतकी वर्षं तिथं सुनीलदादा बसायचा, त्याच्या आईनं शिवलेली उशी घेऊन. ती उशी दिसली की त्या खुर्चीवर कोणी बसत नसे. आज त्यानं उशी मलाच दिली.

"नोकरी लागली का, दादा?"

"नाही ना. सरकारी भरतीच्या जाहिरातीची वाट पाहू पाहू वयच निघून गेलं. आता बेल्लमपल्लीला बहिणीच्या दुकानात बसतो. तू अभ्यास कर."

कशाचा करू? काऊन करू? दिवसभर एकच पान पाहत बसले. हे सगळं सोडते, असं बाबांना सांगून टाकावं का? ते रागावतही नाहीत, तेच अवघड.

उशी मधोमध दबली आहे. बसले, तर तो खळगा माझ्याच मापाचा निघाला. चटकन उठले.

पण निघताना उशी तिथंच ठेवून आले. उद्या जागा कोणी घेऊ नये म्हणून.