बिघाड सापडला नाही

प्लेनो, टेक्सस

प्रिय बाबा,

रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "यंदा यायचं नाही जमणार गं. तिथं येऊन मी करू काय?" मी "बरं" म्हटलं. मग आपण नागपूरच्या उन्हाबद्दल बोललो, इथल्या उन्हाबद्दल बोललो आणि फोन ठेवला. फोनवर आपलं नेहमी असंच होतं, म्हणून हे लिहून पाठवते आहे. यातलं बरंचसं तुम्हाला माहीत आहे. पण मला एकदा सगळं क्रमाने मांडायचं आहे.

तुमचं यंत्र माझ्या टेबलावर आहे. ई-सिगारेटला आपल्याकडे बंदी असल्यामुळे परत जाताना ते सोबत नेता येणार नव्हतं. विमानतळावर तुम्ही "खिशात टाकतो, जप्त झालं तर झालं" म्हणत होतात, आणि मी उभा जन्म सरकारी नोकरी केलेल्या माणसाला सरकारी नियम समजावत होते.

आईचं वर्षश्राद्ध आटोपून तुम्ही इथे आलात तेव्हा सिगारेटी अर्ध्यावर आणल्या होत्या, असं तुमचं म्हणणं. डॉक्टरांनी नळीत फुंकर मारायला लावून त्या साफ बंद करायला सांगितल्या होत्या, हे मला शुभामावशीकडून कळलं. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये सिगारेटला सगळीकडे मनाई. ओढायची तर गेटच्या बाहेर, मोठ्या रस्त्याच्या कडेला जायचं आणि परत येताना गेटवर चार आकडी कोड दाबायचा. तालुक्यातले गट नंबर तोंडपाठ असणाऱ्या भूकरमापकाला तो कोड काही केल्या पाठ होईना. म्हणून रोज संध्याकाळी मी लॅपटॉप मिटून तुमच्याबरोबर खाली यायचे. त्या रस्त्याला पायी चालणारी माणसं म्हणजे आपण दोघंच. वरच्या मजल्यावरच्या सरलाकाकू बाल्कनीतून ओरडायच्या, "काय हो, बापलेक रोज गुपचूप कुठे जाता? पाणीपुरी हादडता ना?" तुम्ही मान वर करून म्हणायचात, "हवा खातो, वहिनी! धूर आमचा आम्ही आणतो."

तिथे उभं राहून तुम्ही मला बऱ्याच गोष्टी सांगितल्यात. गडचिरोलीच्या जमीनमोजणीत साखळी धरणाऱ्या माणसांनी तुम्हाला पहिली सिगारेट कशी दिली. आईला स्कूटर शिकायची होती आणि तुम्ही "बघू" म्हणत राहिलात. एकदा रस्त्याकडे बघत विचारलंत, "त्या राजसचं काय झालं?" मीही रस्त्याकडे बघत सांगितलं, की त्याला दूर श्रूजबरीला नोकरी लागली, तिथे दुसरी मुलगी भेटली, आणि ते त्याच्या स्वतःच्या लक्षात यायच्या आधी मला कळलं होतं. तुम्ही म्हणालात, "गाढव आहे लेकाचा." बास, तेवढंच. घरात सोफ्यावर बसून तुम्ही हे विचारलं नसतं, मीही सांगितलं नसतं.

पण तुमचा खोकला मला भिंतीपलीकडून ऐकू यायचा. दुकानातून आणलेल्या ई-सिगारेटने तुम्हाला ठसका लागला. बॅटरी भरलेली असली की तिची वाफ घशाला चटका द्यायची, उतरली की नुसती कोमट हवा. दुसरी बघायला गेलो तर त्या रंगीत दिव्यांच्या कपाटापुढे तुम्ही म्हणालात, "ही रंगपंचमी नको मला." मी ऑफिसात हेच तर काम करते: बॅटरी कितीही उतरू दे, चिपला मिळणारं व्होल्टेज हलू द्यायचं नाही. म्हटलं, आपणच करू. दोन रिचार्जेबल सेल एकामागे एक जोडले, पुढे व्होल्टेज खाली आणणारं छोटं सर्किट, एक फ्यूज, एक दाबायचं बटण, आणि तुमच्या अंगठ्याला सहज फिरवता येईल असा नॉब. हे सगळं तुमच्या चष्म्याच्या जुन्या, पत्र्याच्या घरात बसवलं. आतून इन्सुलेशन लावलं, सेल बिघडलेच तर वायू बाहेर पडावा म्हणून भोकं पाडली. सेल जोडताना शॉर्ट झालं तर आग लागते, तेव्हा आता माझ्याशी बोलू नका, असं मी बजावलं होतं. तुम्ही समोरच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलात आणि खरंच एक शब्द बोलला नाहीत.

साडेतीन व्होल्टला तुम्ही म्हणालात, "चहा पाणचट झालाय." साडेचारला खोकलात. चारच्या किंचित खाली येऊन थांबलात, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "हां! जमली, पोरी." मी इतकी वर्षं व्होल्टेज सांभाळते आहे, पण माझ्या हातची वस्तू घरातल्या माणसाने वापरताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. भाडेकरारात वाफेच्या यंत्राला बाल्कनीत परवानगी होती, त्यामुळे खाली जायचं कारण उरलं नाही. वाफेसाठी आत भरायच्या द्रवाच्या दर बाटलीला मी निकोटीन थोडं कमी करत गेले, तुम्ही नॉब थोडा वर नेत गेलात. सगळं ठरवल्यासारखं चाललं होतं. तुम्ही बाल्कनीत, मी आत मीटिंगमध्ये, मध्ये काच.

मग तक्रारी सुरू झाल्या. "आज चव नाही गं." मी वाफ करणारी कॉइल बदलली. "बटण अडकतंय." बटण बदललं. "बॅटरी लगेच उतरते." चार्जरला लावली तर चार्जरचा दिवा लगेच हिरवा झाला, म्हणजे बॅटरी भरलेलीच, म्हणून मी चार्जरवरच संशय घेतला आणि नवा मागवला. एका संध्याकाळी तुम्ही चपला घालूनच आलात, यंत्र माझ्या टेबलावर ठेवलंत आणि म्हणालात, "उतरली बघ परत. चार्ज होईस्तोवर खाली जाऊन येऊ या का?" माझ्याकडे सेलचा दुसरा जोड भरून तयार होता. ड्रॉवरमधून काढला, बदलला आणि यंत्र तुमच्या हातात दिलं. तुम्ही ते घेतलंत. "तुझं सगळं तयारच असतं," म्हणालात, आणि चपला काढून ठेवल्यात. मला ते कौतुक वाटलं.

तुम्ही गेल्यावर मी यंत्र उघडून सगळं तपासलं, ऑफिसात परत आलेला माल तपासतो तसं. सेल चांगले, सर्किट चांगलं, नॉब चांगला. अशा वेळी आम्ही अहवालात "बिघाड सापडला नाही" असं लिहून तक्रार बंद करतो. मीही मनात तसंच लिहून टाकलं. गेल्या महिन्यात सरलाकाकू लिफ्टमध्ये भेटल्या. म्हणाल्या, "तुझे बाबा त्या यंत्राचं काय कौतुक करायचे गं! म्हणायचे, एक दिवस बंद पडलं नाही, माझ्या लेकीने केलंय." त्यांचा मजला माझ्या वरचा, त्यामुळे त्या आणखी काही म्हणाल्या असतील तर ते मी ऐकलं नाही. मी माझ्या मजल्यावर उतरले आणि दार उघडताना मला त्या संध्याकाळच्या तुमच्या चपला आठवल्या.

बाबा, इथे माझं बरं चाललं आहे. बढती झाली. गाडीने जाते, गाडीने येते, रात्रीचं जेवण ओट्यापाशी उभ्यानेच होतं. शुक्रवारी ऑफिसमधून निघाल्यावर सोमवारपर्यंत मी कधीकधी एक शब्दही मोठ्याने बोललेली नसते. सोमवारी पहिल्या मीटिंगमध्ये आवाज घोगरा येतो आणि सगळे विचारतात, सर्दी झाली का. मी हो म्हणते.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. त्या रविवारी तुम्ही "येऊन करू काय" म्हणालात, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला मेसेज केला की मी घर बदलते आहे, सामान बांधायला कोणीतरी हवं आहे. तुम्ही तासाभरात कोणाकोणाला फोन करून डॅलसमधल्या एका सामान हलवणाऱ्या माणसाचा नंबर पाठवलात. वर लिहिलंत, "काळजी करू नको, चांगला माणूस आहे, काचसामान जपून नेतो." मी घर बदलत नाहीये, बाबा. कुठलंच सामान बांधायचं नाहीये. इथलं काही मोडलेलं नाही, काही अडलेलं नाही, आणि इथे येऊन तुम्ही काय कराल याचं माझ्याकडे उत्तर नाही. मला एकटीला इथे करमत नाही, एवढंच आहे. यावर कोणाचा नंबर पाठवू नका. तुम्ही या.

तुमचीच, वाट बघणारी,
इला