लाल दोऱ्याचे प्यादे

तीर्थस्वरूप नानामामांचे चरणी, मुक्काम कौंडण्यपूर,

मोरूचा अमरावतीहून साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम. आपल्या गुडघ्यास एरंडेलाने उतार पडला असेल, मामींचा खोकला थांबला असेल आणि आपण हे पत्र बसून वाचत असाल, अशी आशा करतो. उभे असल्यास कृपा करून बसावे.

अमेरिकेत लढाई लागल्यापासून येथे कापसाला सोन्याचा भाव आला आहे (आमच्या शेजाऱ्याने बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या; आता बैलही आम्हाला ओळख दाखवत नाहीत). त्याच भरात एका आडत्याने अमरावती-अकोल्याच्या हौशी खेळाडूंचे बुद्धिबळाचे सामने भरवले. अट एकच: शेवटच्या डावात हरेल त्याने आपले मोहरे जिंकणाऱ्यास द्यावेत. माझ्याकडे होते ते आपले चंदनाचे मोहरे, ज्यांवर आपण मला खेळायला शिकवले आणि जे मी सामन्यांपुरतेच मागून आणले होते.

शेवटचा डाव अकोल्याच्या जानराव पाटलांशी पडला. पाटील दिवसभर कापूस विकून आलेले, मिशीतसुद्धा कापूस. हा काय खेळणार, असे मनात आले आणि माझी जीभ सैल सुटली. जुनी रीत आठवून मी एका प्याद्याच्या गळ्यात लाल दोरा बांधला आणि मंडळींना बजावले की मात देईन तर याच प्याद्याने. मग काय विचारता! त्याला जपण्यात उंट गेला, घोडा गेला. नव्या जावयाची कोणी ठेवत नसेल अशी मी त्याची बडदास्त ठेवली. तरीही डाव माझ्याच हाती होता. हत्ती एक घर सरकवला की मात, हे आडत्याच्या हमालांनाही दिसत होते. खुद्द जानराव म्हणाले, “हत्ती सरकवा ना पंत, काहून जीव टांगून राहिले माहा?”

मी हसलो आणि दोऱ्याचे प्यादे पुढे ढकलले. पुढच्याच खेळीत पाटलांच्या घोड्याने मला मात दिली.

मामा, मला फार वाईट वाटते. आपले मोहरे अकोल्याच्या गाडीत चढताना पाहून मी भर बाजारात रडलो (लोकांना वाटले, कापसाचा भाव पडला). क्षमा करावी.

आपला अपराधी,
मोरू

ता. क. मोहरे भरताना दोऱ्याचे प्यादे माझ्या मुठीतच राहिले. कसे, ते विचारू नये. जानरावांचा निरोप आला आहे: “पंत, एक प्यादं कमी हाय, आमी खेळावं कसं? मामाले म्हणा, कार्तिकात तुमच्या जत्रेले येतो. ते जिंकले त मोहरे त्यायचे, हरले त प्यादं माहं.” आपल्या वतीने मी होकार कळवून बसलो आहे. तेवढे जिंकावे.

आणखी एक. हत्तीने, उंटाने, कशानेही जिंकावे. पण दोरा बांधायला मी आपल्याकडूनच शिकलो, म्हणून जिवाला धीर नाही. मामींना वेगळी चिठ्ठी धाडली आहे, की जत्रा उठेपर्यंत घरातला सगळा लाल दोरा कुलपात ठेवावा.