बिनआम्लाचं मेण

प्रिय बाबा,

एकाच घरात राहून पत्र लिहितेय, म्हणजे तुम्ही लाडाने जिला कटकट म्हणता तिच्या डोक्यावर परिणाम झाला, असं आईला सांगू नका. रोज जेवताना बोलायचं ठरवते, पण तुम्ही हौसेने माझ्या टाकीतल्या एन्झाइमची, म्हणजे तुमच्या भाषेत किड्यांची, खुशाली विचारलीत की ताट उचलून उठते.

केमिकल इंजिनिअरिंगला बायोटेक्नॉलॉजीची जोड द्यायची, हा हट्ट तुमचा. कॉलेजात केमिकलवाले आम्हाला जंतूवाले म्हणायचे आणि बायोवाले नळवाले. धड ना इकडचे, ना तिकडचे. तुम्ही मात्र मामापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना ऐकवत होतात, की औषधं, लसी, खाद्यपदार्थ, सांडपाणी, पोरगी कुठेही लागेल. एवढी दारं उघडी असताना मी नेमकी तुमच्याच कारखान्यात शिरले. पहिल्या दिवशी तुम्ही अख्ख्या आम्ल विभागापुढे मला मिरवलंत. लाजेने मेले होते मी, आणि आवडलंही होतं.

तुमच्याकडे क्रीमसाठीचं मेण आम्ल घालून, रटरटा तापवून होतं. शिंतोडे उडून तुमच्या एकाही शर्टाची बाही धड नाही, ठिगळं लावून आई कंटाळली. तेच मेण एन्झाइमने, साध्या कोमट टाकीत, आम्लाशिवाय करून दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. किती महिने जमतच नव्हतं. खरं सांगू? जमू नये असंच वाटायला लागलं होतं. एकदा मुद्दाम बिघडवायला म्हणून टाकीपाशी उभी राहिले, पण हात धजावला नाही. गेल्या आठवड्यात जमलं. तुमच्या मेणापेक्षा पांढरंशुभ्र निघालं. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला पळून जावंसं वाटत होतं. पण जाणार कुठे? नोकरी सोडली तरी पद्धत तिथेच राहणार, आणि घरी यावं तर समोर तुम्ही.

बाबा, आम्ल विभाग बंद होतोय. सोमवारी नोटीस लागेल. फळ्यावर वाचण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. साहेबांशी भांडून तुमच्यासाठी नव्या विभागात जागा मिळवलीय, पण शिकाऊ म्हणून, माझ्या हाताखाली. तुम्हाला हे विचारताना जीव तुटतोय माझा. नाही म्हणालात तरी चालेल, चार शिव्या घातल्यात तरी चालेल. फक्त आपल्या पोरीने करून दाखवलं, असं अभिमानाने सांगत फिरू नका. तेवढं मला सोसणार नाही.

तुमचीच,
कटकट