गजाचा आवाज

३ फेब्रुवारी

चि. टिल्लूस ताईचे अनेक आशीर्वाद,

तुझा पिक्चर आमच्याकडे लागला. पोस्टर नेमकं तुरुंगाच्या भिंतीसमोर चिकटवलंय, वर पळणारा कैदी आणि खाली तुझं नाव. अप्पा रोज मुद्दाम तिकडून फिरायला जातात. आपणहून कुणाला काही सांगत नाहीत, पण चपलेत खडा गेल्याचं निमित्त करून पोस्टरपाशी थांबतात. कुणी विचारलंच, तर दिग्दर्शक आमचा मुलगा आहे म्हणतात आणि लगेच चालू लागतात.

मी शिकवते त्या शाळेच्या परीक्षा संपल्या की आम्ही दोघं जाणार आहोत. अप्पांचा शर्ट आत्तापासूनच इस्त्री होऊन खुंटीवर लटकलाय. बाकी सगळं तसंच. पहारेकरी म्हणून निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली, तरी संध्याकाळ झाली की काठीने घरातल्या सगळ्या खिडक्यांचे गज वाजवून बघतात. शाबूत गज खणखणतो आणि कापलेला बद्द वाजतो, हे आपल्याला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. स्वयंपाकघराची खिडकी वाजली की मी चहा टाकते.

नुसत्या चहाबिस्किटांवर दिवस काढू नकोस. आणि नाव झालं म्हणून ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.,

पत्र वाचून हसू आवरेना. अप्पांच्या चपलेतला खडा मी पुढच्या पिक्चरमध्ये वापरणार.

इथे सगळे खेळ भरलेत. पेपरवाल्यांनीही यावेळी हात राखून लिहिलेलं नाही. एका समीक्षकाने तर म्हटलंय की पळणाऱ्या नायकापेक्षा पहारेकरीच जास्त लक्षात राहतो. मला तेच हवं होतं. गस्तीवरचा पहारेकरी गज वाजवतो, एक गज बद्द लागतो. तो थांबतो, कैद्याकडे पाहतो आणि काही न बोलता पुढे जातो. तिथे लोक थिएटर डोक्यावर घेतात. मी दर खेळाला मागे उभा राहून त्या शिट्ट्या ऐकतो.

अप्पांच्या पहाऱ्यावर कैदी पळाला तेव्हा आपण दोघं शाळेत होतो. चौकशीत ते निर्दोष सुटले, तरी गावाची कुजबुज थांबली नाही. आता बघ, तेच गाव टाळ्या वाजवेल. त्यांना आधी काही सांगू नकोस, मजा जाईल.

धाकटा म्हणून जेवढे लाड केलेस, तेवढे यापुढेही चालू ठेव.

तुझा टिल्लू

२० फेब्रुवारी

चि. टिल्लूस आशीर्वाद,

रविवारी पिक्चर पाहिला. सुरुवातीला अप्पा खुर्चीच्या टोकावर बसून, माझा हात धरून बघत होते. मग तो गज बद्द वाजला, पहारेकरी पुढे गेला आणि थिएटर उठून उभं राहिलं. अप्पांनी माझा हात सोडला. नंतर त्यांनी मान वर केलीच नाही.

बाहेर येतो तर सगळे त्यांची वाट बघत उभे. सलूनवाल्याने मिठी मारली. इतकी वर्षं आम्ही तुम्हाला नावं ठेवली आणि तुम्ही तर दिलदार निघालात, म्हणाला. ते एक वेळ चाललं असतं. पण त्यांचे जुने साहेबही आले होते, चौकशीत अप्पांच्या शब्दावर विश्वास ठेवून सही करणारे. ते एवढंच म्हणाले, की म्हणजे सोडलाच होतास तर. आणि काठी टेकत निघून गेले.

टिल्लू, अप्पा आता सगळ्यांना आवडायला लागलेत, आणि तेही त्यांनी न केलेल्या गोष्टीसाठी. पिक्चर वाईट असता तर कुणी खरं मानलं नसतं. तू तो चांगला केलास, म्हणून मला जास्त राग येतोय. रविवारपासून अप्पांनी एकाही खिडकीला काठी लावलेली नाही. माझा चहा रोज चुकतोय.

रागावले आहे, पण तुला टाकलेलं नाही, एवढं लक्षात असू दे.

ताई

२५ फेब्रुवारी

ती. अप्पांस शि. सा. न. वि. वि.,

ताईचं पत्र आल्यापासून कामात लक्ष लागत नाही. तुम्ही म्हणाल तर पेपरात छापून देतो की पहारेकरी पूर्ण काल्पनिक आहे.

पण तुमच्याशी खोटं बोलवत नाही. मला खरंच वाटायचं की तुम्ही त्या कैद्याला जाऊ दिलंत. शाळेत पोरं चिडवायची, तेव्हा मी मनात म्हणायचो की माझ्या वडिलांचं मनच मोठं, त्यांना त्याची दया आली. त्या एका गोष्टीच्या जोरावर मी ते दिवस काढले. तुम्हाला अडचणीत टाकायला नको म्हणून कधी विचारलं नाही.

हवं तेवढं बोला, पण अबोला धरू नका.

तुमचा टिल्लू

३ मार्च

चि. टिल्लूस आशीर्वाद,

पेपरात काही देऊ नकोस. चालता पिक्चर पाडू नये, त्यावर बऱ्याच जणांचं पोट असतं. मी काल एकटाच जाऊन पुन्हा बघून आलो. तुझा पहारेकरी काठी डाव्या हातात धरतो, माझ्यासारखी. तू ते लहानपणी टिपलं होतंस, याचं मला बरं वाटलं.

त्या रात्री गज खणखणीत वाजला होता. त्याने तो मी पुढे गेल्यावर कापला. हे मी चौकशीत सांगितलं, साहेबांना सांगितलं, तुमच्या आईला सांगितलं. तुला वेगळं सांगावं लागेल, असं मला कधी वाटलं नाही.

माझं मन मोठं आहे की नाही, ठाऊक नाही. गज बद्द वाजला असता, तर मी तिथेच शिट्टी फुंकली असती आणि त्याला धरलं असतं.

आज खिडक्या वाजवल्या. ताईचा चहा वेळेवर झाला. पिक्चरमधला नाही, असा हा बाप चालणार असेल तर सुट्टी काढून घरी ये, आणि लोभ आहे तो राहू दे.

अप्पा