मला काय?

धरमपेठ, नागपूर
१२ जानेवारी २०२६

चि. पुष्कर यास अरुंधतीआत्याचा आशीर्वाद, तूर्त निम्मा.

आज सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तू पाठवलेला पेनड्राइव्ह लावला. सहाव्या गाण्यानंतर एकदम आठवं वाजलं. सातवं कुठे आहे?

ती कॅसेट मी त्र्याऐंशी साली तुझ्या बाबांच्या, वसंताच्या, टेपरेकॉर्डरवर भरली. कामठीचा लष्करी बँड, ताजबागेतली कव्वाली, रेडिओवर रात्री सापडलेली कुठलीशी पोर्तुगीज बाई, सगळं एकापाठोपाठ एक. अशी मिसळ कोणी करतं का, म्हणून वसंता तेव्हा हसला होता. सातवं गाणं सिस्टर फिलोमिनांचं, आमच्या कॉन्व्हेंटच्या. शाळेत त्या वह्या तपासताना गुणगुणायच्या, 'मला… मला…' आणि पुढे नुसता सूर. वर्गाची मॉनिटर म्हणून मी रोज विचारायची, सिस्टर, मला काय? पाणी हवंय? सुट्टी हवीय? त्या हसायच्या.

एक फेब्रुवारीला त्या नव्वद वर्षांच्या होतात. हल्ली बोलत नाहीत, माणसं ओळखत नाहीत. त्या दिवशी त्यांचाच आवाज त्यांना ऐकवायचा, म्हणून तुला कॅसेट दिली. तू नेमकं तेच कापलंस. कारण लिहून कळव. फोन करू नकोस, फोनवर तू गोड बोलतोस.

तुझी,
अरुंधतीआत्या

बेंगळुरू
१७ जानेवारी २०२६

ती. आत्यास सा. न. वि. वि.

चूक माझीच. मला वाटलं, कोणी बाई मराठी शिकतेय आणि दुसरी तिला सुधारतेय. मध्येच आवाज येतो, 'मला नाही वं सिस्टर, मले म्हणावं,' आणि मोठं हसू. गाणं नाहीच, असं समजून काढलं. मूळ कॅसेट जपून ठेवली आहे, घाबरू नकोस.

पण आता गंमत ऐक. तुझं पत्र आल्यावर तो तुकडा ऑफिसात पुन्हा लावला. शेजारच्या टेबलावरचा जोबी, केरळचा, हातातलं काम सोडून उठला. त्यांच्या भाषेत 'मला' म्हणजे डोंगर. आणि डोंगराला हाक मारायची तर म्हणतील 'मले'. सिस्टर गातात ते असं: डोंगरा, जरा बाजूला हो, माझं घर दिसू दे. पुढच्या ओळी त्या हसण्याखाली दबल्यात. हे गाणं त्यानं कधीच ऐकलेलं नाही; त्याला वाटतं, सिस्टरनीच जुळवलं असावं.

ती हसणारी बाई कोण? आशीर्वादाचा उरलेला अर्धा पाठवावा, ही विनंती.

तुझा,
पुष्कर

धरमपेठ, नागपूर
२२ जानेवारी २०२६

चि. पुष्कर यास आशीर्वाद. अर्धा अजून माझ्याकडेच आहे.

पत्र तीनदा वाचलं. हसणारी ती पंचफुला, काटोलची, शाळेत आया होती. तिनं सिस्टरना वऱ्हाडी शिकवायला घेतली होती. तेव्हापासून सिस्टर 'मले' गाऊ लागल्या आणि आम्ही पोरी टाळ्या पिटायचो, की सिस्टर नागपूरच्या झाल्या. त्या तर केरळातल्या आपल्या घराकडे बघत होत्या. पंचफुलाची दुरुस्ती बरोबर निघाली, इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या मुलीची, म्हणजे माझी, शंका मात्र सपशेल चुकली. चाळीसहून जास्त वर्षं मी एका डोंगराला विचारत होते, काय हवंय.

आता मला चैन नाही. दबलेल्या ओळी जोबीनं कान देऊन काढाव्यात. घर दिसलं का, डोंगर हलला का, हे मला कळलंच पाहिजे. त्यासाठी पंचफुलाचं हसू पुसलंस तर याद राख. ते गाण्याचाच भाग आहे. डोंगराचं नाव जोबीला माहीत असेल तर तेही कळव. नसेल तर एक तारखेला, रविवारी, मीच सिस्टरना विचारीन, आणि या वेळी त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत गप्प बसेन.

सातवं गाणं सातव्या जागी, पेनड्राइव्हसह, आणि सगळ्या ओळी अर्थासकट शाईनं लिहून, खाली जोबीची सही घेऊन, शुक्रवार ३० जानेवारी, दुपारी चारच्या आत माझ्या हाती पोहोचल्या पाहिजेत. सव्वाचारला आलेलं पाकीट मी घेईन, पण आशीर्वाद अर्धाच राहील.

उत्तराची वाट पाहणारी,
अरुंधतीआत्या