माझ्या नावाचा ईमेल

बुधवार, संध्याकाळ

कॉलेजांकडून कमिशन घेऊन परदेशातले प्रवेश करून देणाऱ्या सुनीलदादाने अर्ज भरताना चौक गावातल्या त्याच्या ऑफिसात माझ्या नावाचा नवा ईमेल उघडला होता, पण पासवर्ड मला दिलाच नाही. म्हणाला, "तू अभ्यास कर गं, मेल मी बघतो." मीपण मागितला नाही. का नाही मागितला?

गेल्या आठवड्यात म्हणाला, आयर्लंडच्या विद्यापीठाचा नकार आलाय, मी सांगतो ते दुसरं कॉलेज घे. नकाराचा मेल दाखव म्हटलं, तर म्हणे डिलीट झाला. असा कसा झाला? आणि त्या दुसऱ्या कॉलेजचा फॉर्म मात्र आधीच भरून तयार!

पप्पांना सांगितलं. रसायनीहून ड्युटी करून आलेले, बूटही काढले नव्हते. "आपल्या लोधिवलीचा पोरगा हाय, तो कशाला फसवंल? उगाच शंका काढू नको."

मग मीच माझ्या जुन्या ईमेलवरून, पासपोर्ट जोडून, विद्यापीठाला विचारलं की नकार का दिलात? आज उत्तर आलं. त्यांनी प्रवेश दिला होता. तो मीच नाकारला म्हणे, माझ्या नावाच्या त्या ईमेलवरून.

सोबत तो मेलही पाठवलाय. इंग्रजी चांगलं आहे. शेवटी त्यांचे आभारसुद्धा मानलेत मी.