खणाला दोन भोकं

१४ जुलै १९८६, सोमवार

इन्व्हर्टर परत बंद पडला! टेबलावर ठेवला की दिवसभर झकास चालतो. प्लायच्या खोक्यात घातला की थोड्या वेळात टप्प! हात लावला तर चटकाच बसला. चंद्रप्रकाशशेठ म्हणाले, "नंदा, मशीन चांगलं आहे गं. त्याला खोक्यात हवाच मिळत नाही." मग उठून चहा प्यायला गेले. मी बसले खोक्याकडे बघत. लाथ घालावीशी वाटली.

साकीनाक्याच्या या युनिटमध्ये इतके इन्व्हर्टर जोडले, पण जीव टांगणीला लागलाय तो या एकासाठी. हा गिऱ्हाइकाचा नाही, आमच्या दादूच्या होडीचा आहे. टपावर उन्हातून वीज करणारी सूर्याची पाटी. दिवसभर तिच्यावर बॅटरी भरायची, रात्री या इन्व्हर्टरवर पांढरी ट्यूब लावायची. शेठना नमुन्याला एक होडी हवी होती. मी भावाची पुढे केली.

बाबांचा कंदील वाऱ्यानं विझला आणि अंधारात मोठं जहाज त्यांच्या होडीवर चढलं. दादूवर ती वेळ यायला नको. बस्स, मला दुसरं काही नको.

१७ जुलै

जमलं! खोक्याला दोन भोकं. एक खाली, एक वर. खालून गार हवा आत, वरून तापलेली बाहेर. चूल आणि धुराडं — एवढंच तर आहे! सुटायची वेळ झाली तरी चालूच. शेठ म्हणाले, "आता हे होडीवर कर." हे म्हणायला त्यांचं काय जातं!

२० जुलै, रविवार

खारदांड्याला घरी. होडी पावसाळ्यासाठी वर ओढून ठेवलीय. दादूला भोकांचं सांगितलं तर पोट धरून हसला.

"होडीला भोक? अगं बये, जन्म गेला भोकं बुजवण्यात! वाट लावतेस काय माझी?"

त्याच्याबरोबर दर्यावर जाणारा खंडूकाका तेलात भिजवलेला कापूस फटीत ठोकत होता. तो ठोकायचा थांबला. मी म्हटलं, भोक तळाला नाही रे! केबिनमधल्या फळीखालच्या, मशीन ठेवायच्या खणाला. पाण्यापासून चांगलं वर. बाहेरून पत्र्याची टोपी बसवते, लाटेचा थेंब आत जाणार नाही. तासभर भांडलो. शेवटी चंपावहिनीच दादूवर ओरडली, "पाड म्हणते तर पाड ना! रात्रभर जागी मी असते, तू नाय!"

आय मधूनच उठून गेली. तिला जहाजाची गोष्ट कधी पटलीच नाही. तिच्या मते बाबांची होडी फटीतून पाणी शिरून बुडाली. ती फट तिनं दाखवली होती, बाबा म्हणाले, उद्या बुजवू. इतकी वर्षं तेच धरून बसलीय. लोक सांगून थकले. नाही म्हणजे नाही!

३ ऑगस्ट

पाडली भोकं. दादूनं स्वतः गिरमिट फिरवलं, दर फेऱ्याला एक शिवी हासडत. खण बंद केला, ट्यूब लावली आणि सोडून दिली. सकाळी जाऊन बघते तर जळतेच आहे! खणात हात घातला — नुसता कोमट.

दादूनंही खणात हात घालून बघितला. मग म्हणाला, "नंदे, बाबांकडं ही असती तर..." मला रडू आलं ते बघून त्यानं टपली मारली.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

होडी नव्या नवरीसारखी सजवली. निळा रंग, पताका, झेंडूच्या माळा. पत्र्याच्या टोपीलाही दादूनं निळं फासलंय, ओळखू येत नाही. चंपावहिनी नऊवारीत मिरवत होती, मला म्हणाली, "तुझी बत्ती गो बाय, सगळ्या दांड्यात एकच!" छाती फुगली माझी, खोटं कशाला बोलू.

पूजा झाल्यावर आय केबिनमध्ये बराच वेळ होती. हाक मारली तर म्हणाली, "तू हो पुढं. देवाचं करतंय मी." बाहेर आली तेव्हा हात तेलकट. दिवा लावला असेल. बरं वाटलं — निदान त्या होडीत पाय तरी ठेवला तिनं.

२४ ऑगस्ट

दादू आणि खंडूकाका दर्यावर गेले. निघताना दादूनं जुना कंदील घरातल्या खुंटीला टांगला. "आता म्हाताऱ्याला पेन्शन!" मी म्हटलं, असू दे रे बरोबर. तर म्हणे, "तुझ्याच मशीनवर तुझा भरवसा नाय?" जाण्याआधी टोपी हलवून बघितली, घट्ट होती. खण उघडून बघायला हवा होता. पण भरती थांबते थोडीच.

२६ ऑगस्ट

बाकीच्या होड्या आल्या. आपली नाही.

२७ ऑगस्ट

खंडूकाका आला. दादू नाही आला.

२९ ऑगस्ट

लिहवत नाही. पण डोक्यातून जात पण नाही.

खंडूकाका सांगतो — जाळं टाकलं, इंजिन बंद केलं. बत्ती छान जळत होती, मग गेली. थोड्या वेळानं लागली, पुन्हा गेली. मग लागलीच नाही. दादू खणावर वाकला, झाकणाला हात लावला तर भाजला. "आगीसारखं तापलंय काका!" म्हणाला. फडका शोधत होता, तेवढ्यात ट्रॉलर अंगावर आला. त्यांना होडी दिसलीच नाही. दादू धडकेच्याच बाजूला होता. होडी अर्धी बुडाली पण तरंगत राहिली, तिला धरून खंडूकाका सकाळपर्यंत.

दादू काल सापडला. वहिनीनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुझ्या बत्तीनं खाल्ला माझ्या माणसाला." सगळ्यांसमोर. कोणी तिला गप्प केलं नाही.

मी मेले असते तर बरं झालं असतं.

१ सप्टेंबर

कामावर नाही गेले. नळावर बायका बोलतात ते ऐकू येतं. बाईनं होडीला भोक पाडलं, दर्या कोपला. कोपू दे! पण मशीन तापलं कसं? दोन्ही भोकं होती ना! रात्रभर चाललं होतं ना! माझं कुठं चुकलं?

४ सप्टेंबर

होडी ओढून आणलीय. कोणाला न सांगता गेले. केबिनची एक बाजू उरलीय, त्यातच खण. झाकण पहारीनं काढलं. आतलं सगळं जळून काळं.

आणि भोकं बुजलेली! दोन्ही! आतून! तेलाचा कापूस ठासून भरलेला, वर राळ. बाहेरून टोपी जशीच्या तशी. म्हणून दिसलं नाही. बोटं सोलून निघाली तो कापूस उपटताना.

तशीच खंडूकाकाकडे गेले. नको नको ते बोलले, म्हाताऱ्याची गचांडी धरली. तो रडायला लागला. "दर्याची आण गो पोरी, मी नाय. तू पाडलेलं भोक मी कशाला बुजवू?"

मग कोण? कोणी का असेना. कापूस पिशवीत घालून ठेवलाय. परवा दादूचं दहावं. सगळा दांडा जमेल. तिथंच काढणार, वहिनीच्या समोर. कळू दे सगळ्यांना, माझ्या बत्तीनं नाही मारला दादूला.

६ सप्टेंबर

पिशवी घेऊन निघाले, तर आय शेजारी येऊन बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"पुनवेला ती भोकं मी बुजवली गो. तुना सांगितलं नाय, तू भांडली असतीस. पन बघ, म्हनून होडी बुडाली नाय. खंडू तरी वाचला. तुझ्या बापाचे वेळी मना नाय जमलं. आता जमलं."

बाहेर वहिनीनं सगळ्यांदेखत विचारलं, "सांग, का विझली बत्ती?"

म्हटलं, "माझंच चुकलं. भोकं लहान पाडली मी."

कापूस चुलीत घातला. आय आज दोन घास जेवली.